बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेताय? पहिल्या पोस्टिंगपासून नोंदणीपर्यंतची वाट

पहिल्या वर्षाची पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायची पाळी. फीमेल मेडिकल वॉर्ड, तिसरा दिवस. राऊंड सुरू व्हायच्या आत सगळ्या पेशंटचं बीपी घ्यायचं होतं. सात नंबरच्या आजींच्या दंडाला मी कफ बांधला, फुगवला, हवा सोडली आणि मला काहीच ऐकू आलं नाही. परत फुगवला, परत तेच. मावशींची बादली फरशीवर घासत होती, शेजारच्या खाटेवर नातेवाईक बोलत होते, माझी मैत्रीण तीन खाटा पुढे गेली होती. मी चार्टवर रात्रीचा आकडा पाहिला, १३०/८०. त्याच्याखाली १३०/८० लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

राऊंडच्या वेळी आजी डोकं धरून बसल्या होत्या. सिस्टर इन्चार्जनी स्वतः बीपी घेतलं, ते १८०/११० निघालं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर तसं सांग, मी येऊन घेईन. पण न ऐकलेला आकडा लिहू नकोस. त्या आकड्यावर आजींची गोळी ठरते."

आता मीच विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन जाते. दर वर्षी नवी बॅच येते आणि दर वर्षी कुणी ना कुणी तोच न ऐकलेला आकडा लिहितं. म्हणून प्रवेशापासून नोंदणीपर्यंत काय काय करायचं ते एकदा सविस्तर लिहून काढते आहे. सगळं महाराष्ट्रातल्या बी.एस्सी. नर्सिंगबद्दल आहे.

आधी कोर्स नीट समजून घ्या

घरात "नर्सिंग" एवढंच म्हटलं जातं, पण रस्ते वेगवेगळे आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचा, जीएनएम (सर्वसाधारण परिचारिका-प्रसाविका) तीन वर्षांचा डिप्लोमा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते. घरची ओढाताण असेल तर आधी जीएनएम, मग नोकरी, मग पदवी हा मार्गही चांगला आहे. त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडच्या कितीतरी उत्तम सिस्टर त्याच वाटेने आल्या.

थेट पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला तिन्ही शास्त्रविषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीवर आणि त्यापुढच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया) फेऱ्यांवर होतात. परीक्षेत तीन शास्त्रं, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे पाच भाग असतात. मुलं शास्त्रांचा अभ्यास करतात आणि शेवटच्या भागाकडे बघतही नाहीत. त्याला वेळ द्या.

पुण्याच्या एएफएमसीचं (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं) नर्सिंग कॉलेज फक्त मुलींसाठी आहे, तिथे नीटचे गुण लागतात आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये रुजू व्हायचं असतं. गोव्यात बांबोळीची सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, तिथली प्रवेशप्रक्रिया वेगळी.

फीबद्दल एक गोष्ट पालकांना मुद्दाम सांगते. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हा लाभ नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं निकाल लागायच्या आधीच तयार ठेवा. जुलैमध्ये तहसीलच्या रांगेत उभं राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, हॉस्पिटल पाहा

कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता हवीच. ती त्या त्या संस्थेच्या यादीत स्वतः डोळ्यांनी बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. मग विचारा: स्वतःचं हॉस्पिटल आहे का, किती खाटांचं, आणि त्यातल्या किती खाटांवर खरोखर पेशंट असतात? परिषदेच्या निकषाप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असायला हवेत. रिकाम्या वॉर्डात पोस्टिंग म्हणजे खाटेवर चादर घालून परत यायचं.

सगळ्यात खरं उत्तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींकडे मिळतं. कॉलेज सुटताना गेटवर थांबा आणि दोनच प्रश्न विचारा. "लेबर रूममध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने डिलिव्हरी केल्यात का, की लांबून पाहिल्या?" आणि "वॉर्डात तुमच्याबरोबर क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या शिक्षिका, थांबतात का?" दुसऱ्या प्रश्नावर मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तर काय ते समजून घ्या.

चार वर्षांचा आराखडा

२०२१-२२ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि वार्षिक पद्धत जाऊन आठ सेमिस्टर झाली. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, पोषण आणि नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, पॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रौढांचं नर्सिंग, म्हणजे मेडिकल-सर्जिकल वॉर्ड आणि ओटी (ऑपरेशन थिएटर). तिसऱ्या वर्षी मुलांचा वॉर्ड, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, आणि सहाव्या सेमिस्टरपासून प्रसूतीशास्त्र. सातव्यात त्याचा पुढचा भाग आणि संशोधन. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं, २२ आठवडे.

हजेरीचा नियम पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. थिअरीला ८० टक्के हजेरी असेल तर परीक्षेला बसता येतं. प्रॅक्टिकलची हजेरी मात्र पदवी मिळण्याआधी १०० टक्के पूर्ण करावी लागते. तापाने चार दिवस पडलात, बहिणीच्या लग्नाला गेलात, तर ते दिवस सुट्टीत भरून काढावे लागतात. सिम्युलेशन लॅबमध्ये पुतळ्यावर केलेले तास जास्तीत जास्त दहा टक्केच धरले जातात. बाकी सगळं खऱ्या माणसापाशी उभं राहूनच.

पहिल्या पोस्टिंगच्या आधी

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासून घ्या, ती दहाच्या वर असायला हवी. धनुर्वाताची लस, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, गोवरची लस झाली होती का, हे आईला विचारून लिहून ठेवा.

सोबत काय ठेवायचं: सेकंदकाटा असलेलं घड्याळ, खिशात मावेल अशी वही, निळं आणि लाल पेन, छोटी कात्री, स्वतःचा स्टेथोस्कोप. नखं कापलेली, हातात अंगठी-बांगडी नाही, केसांचा घट्ट अंबाडा. बूट मऊ तळाचे घ्या, कारण सहा-सात तास उभं राहायचं असतं.

आणि खाऊन जा. पहिल्या ड्रेसिंगला, पहिल्या रक्ताच्या वासाला चक्कर येणाऱ्या बहुतेक मुली उपाशी आलेल्या असतात. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तर लाजू नका, असाल तिथे खाली बसा. उभ्याने कोसळलात तर डोकं फुटेल.

वॉर्डातला पहिला दिवस

दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा, म्हणजे नाईटच्या सिस्टर पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देतात तो ओव्हर ऐकायला मिळतो. कुठल्या खाटेवर कोण, रात्री काय झालं, कुणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, कुणाचं सलाईन चालू आहे, हे त्या पाच-दहा मिनिटांत कळतं. सुरुवातीला निम्मं समजणार नाही. ऐकू येईल तसं लिहून घ्या आणि नंतर विचारा.

मग वॉर्डभर एक फेरी मारा. ऑक्सिजन कुठे, घशातला कफ ओढून काढायचं सक्शन यंत्र कुठे, इमर्जन्सी ट्रॉली कुठे, हात धुवायचं बेसिन कुठे, कचऱ्याच्या बादल्या कुठे. हे विचारायला कुणाला वेळ नसतो तेव्हाच त्याची गरज पडते.

वॉर्डातल्या मामा-मावशींशी पहिल्या दिवसापासून आदराने वागा. पेशंटला खाटेवर कसं सरकवायचं, पाठीखाली हात कुठे घालायचा म्हणजे त्याला दुखत नाही आणि आपली कंबरही धरत नाही, हे मला एका मावशींनी शिकवलं. कुठला पेशंट सकाळपासून गप्प झालाय हेही त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

पेशंटपाशी गेल्यावर आधी बोला, मग हात लावा. "आजी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, आज सकाळभर इथेच आहे. तुमचं बीपी बघू का?" एवढं पुरतं. आजी नको म्हणाल्या तर थोड्या वेळाने परत या. विद्यार्थिनी आहोत हे लपवू नका. ब्रदर म्हणून शिकणाऱ्या मुलांनी स्त्री-पेशंटपाशी एकट्याने प्रोसीजर करू नये, सोबत सिस्टर हवी, पडदा ओढलेला हवा.

आता बीपी, कारण सुरुवात तिथूनच झाली. पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर उशीवर ठेवा. कफ दंडाच्या मापाचा हवा, ब्लाउजच्या बाहीवर बांधायचा नाही. आधी मनगटाची नाडी बोटांनी धरा आणि कफ फुगवा. नाडी लागेनाशी होईल तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा. आता स्टेथोस्कोप कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे ठेवा, त्या आकड्याच्या ३० वर फुगवा आणि अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन आकडे उतरतील या वेगाने सोडा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके नाहीसे झाले तो खालचा. ऐकू आलं नाही तर हवा पूर्ण सोडा, एक मिनिट थांबा, परत करा. तरीही नाही तर सिस्टरना बोलवा. पहिल्या आठवड्यात कुणालाच नीट ऐकू येत नाही, आणि वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला हे माहीत असतं.

पेशंटची मराठी

पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि पेशंट मराठीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना पहिलं सेमिस्टर यामुळेच जड जातं. रोज दहा शब्द, त्यांचा उच्चार आणि अर्थ, एवढं सहा महिने केलं तर पुस्तक उघडायची भीती जाते. पण उलट अडचणही तितकीच मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शहरात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलीला खेड्यातली बाई काय सांगते ते कळत नाही.

"ह्यांच्या अंगावरून वारं गेलं" म्हणजे अर्धांगाचा झटका आला. "अंगावर पांढरं जातं" म्हणजे योनीतून स्राव होतो, "अंगावर लाल जातं" म्हणजे रक्तस्राव. "दुखणं अंगावर काढलं" हे मात्र वेगळंच, त्याचा अर्थ बरेच दिवस इलाज न करता सोसलं. "दिवस गेलेत" म्हणजे गर्भवती आहे. "पोराला आकडी आली" म्हणजे झटके आले. "जीव घाबरा होतो" यात धडधड, दम, घाम, भीती यातलं काहीही असू शकतं. तिथे थांबून विचारायचं, नेमकं काय होतं, कधी होतं, जिने चढताना की झोपल्यावर?

माझा विद्यार्थ्यांना आग्रह असतो की तक्रार आधी पेशंटच्या शब्दांत वहीत लिहा, मग त्याचं वैद्यकीय नाव शोधा. एकदम इंग्रजी नाव लिहिलंत की पेशंटने न सांगितलेलंही त्यात येऊन बसतं.

औषध देताना

पहिल्या दोन वर्षांत औषध फक्त सिस्टर किंवा इन्स्ट्रक्टर सोबत असतानाच द्यायचं. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ, आणि दिल्यानंतर लगेच नोंद. पेशंटला "तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारू नका. गुंगीतलं माणूस कशालाही हो म्हणतं. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा. लेबल तीनदा वाचा: कपाटातून काढताना, भरताना, देण्याआधी. दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज देऊ नका, ती कितीही जवळच्या मैत्रिणीने भरलेली असो.

पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन कधीही थेट शिरेत द्यायचं नसतं, हृदय बंद पडू शकतं. ते सलाईनमध्ये मिसळून, ठरलेल्या वेगानेच जातं. त्याच्या अँप्यूलसारख्या (औषधाच्या छोट्या बंद कुपीसारख्या) दिसणाऱ्या इतर अँप्यूल ट्रेमध्ये असतात, म्हणून लेबल तीनदा वाचायचं.

गणिताची भीती असेल तर दोन गणितं पक्की करा. पहिलं सलाईनचं. ५०० मिलि आठ तासांत द्यायचं आहे, सेट (सलाईनची नळी) एका मिलिला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. आठ तासांची मिनिटं ४८०. भागाकार २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरपाशी धरा आणि पूर्ण मिनिट मोजा. सेट किती थेंबांचा हे पाकिटावर छापलेलं असतं, मुलांच्या मायक्रोसेटमध्ये एका मिलिला ६० थेंब पडतात.

दुसरं, मुलांच्या मात्रेचं. दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर पाच मिलिमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर तीन मिलि द्यायचं. पण त्याच औषधाची पाच मिलिमध्ये १२० मिलिग्रॅमची बाटलीही मिळते, मग सव्वासहा मिलि लागेल. आईला "एक चमचा द्या" सांगून पाठवलंत तर बाळाला किती गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही. सिरिंजवर किंवा औषधाच्या झाकणावर खूण करून दाखवा आणि तिच्याकडून एकदा भरून घ्या.

सुई आणि कचरा

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार (प्लॅसेंटा) हे पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, ग्लोव्ह्ज, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या आणि अँप्यूल निळ्यात. ही घोकंपट्टी मावशींसाठी करायची. लाल पिशवीत चुकून गेलेली सुई त्यांच्याच हाताला लागते.

वापरलेल्या सुईला परत टोपण घालू नका. तरी टोचली तर पिळू नका, तोंडात धरू नका. साबण-पाण्याने धुवा, हातातलं काम तसंच सोडा आणि लगेच सिस्टर इन्चार्जना सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ते २८ दिवस घ्यावं लागतं. माझ्या माहितीतली एक मुलगी रागावतील म्हणून तीन दिवस बोलली नाही. पेशंटचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निभावलं, पण ते तीन दिवस तिने झोपेशिवाय काढले. सांगितल्याबद्दल कुणी ओरडलंच तरी ते पाच मिनिटांत संपतं.

केअर प्लॅन आणि लॉगबुक

केअर प्लॅन म्हणजे एका पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा. सीनिअरची फाईल मागून नाव आणि वय बदलून तो उतरवण्याची पद्धत सगळीकडे आहे. एकदा माझ्याकडे आलेल्या फाईलमध्ये पुरुष पेशंटच्या केअर प्लॅनमध्ये "पाळीचा इतिहास: नियमित" लिहिलेलं होतं. मुलगी हुशार होती. लिहायचं खूप होतं आणि तिला वेळ पुरला नव्हता, हे मलाही दिसत होतं.

वेळ पुरवण्याचा एकच उपाय मला सापडला आहे. पेशंटपाशी असतानाच खिशातल्या वहीत तीन ओळी लिहायच्या: तो काय म्हणाला, मी काय पाहिलं, काय मोजलं. उदाहरणार्थ, अर्धांगाने पडून असलेले काका. "कूस बदलता येत नाही." माकडहाडावर रुपयाएवढी लाली, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. म्हणजे बेडसोरची सुरुवात झाली. आता केअर प्लॅनची बाकी पानं आपोआप सुचतात: दर दोन तासांनी कूस बदलायची आणि त्याची वेळ लिहायची, चादरीला सुरकुती नको, ओली चादर लगेच बदलायची, जेवणात प्रथिनं, लालीवर चोळायचं नाही. दुसऱ्या दिवशी लाली वाढली की कमी झाली ते लिहिलं की मूल्यमापनही झालं.

लॉगबुकमधल्या, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतल्या, प्रोसीजर त्याच दिवशी लिहून सही घ्या. सेमिस्टरच्या शेवटी सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलं की न केलेल्या प्रोसीजरवरही सही होते, आणि मग इंटर्नशिपला रात्री अडीच वाजता लघवीची नळी घालायची वेळ येते तेव्हा हात थरथरतात. नोंदीत चूक झाली तर खाडाखोड नको, पांढरी शाई नको. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, सही आणि वेळ.

लेबर रूम

या पोस्टिंगबद्दल मी जास्त लिहिणार, कारण इथे मुली सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त शिकतात.

पहिले दोन दिवस हाताने काही करू नका. एका बाईपाशी बसा, कळ येते तेव्हा तिच्या पोटावर तळहात ठेवा. पोट कसं घट्ट होतं, किती सेकंद तसं राहतं, मग कसं सैल पडतं ते हाताला कळू द्या. दहा मिनिटांत किती कळा आल्या ते मोजा. बाळाचे ठोके कळ ओसरल्यावर ऐका. आतून तपासणी करण्याआधी तिला सांगा, तिची परवानगी घ्या, आणि एकाच बाईला चार विद्यार्थिनींनी पाळीपाळीने तपासायचं नाही.

बाळ बाहेर आलं की कोरड्या, उबदार कापडाने पुसा आणि आईच्या छातीवर ठेवा. बाळ रडलं, श्वास घेतोय, तर नाळ कापायची घाई नको, एक ते तीन मिनिटं थांबता येतं. पोटात दुसरं बाळ नाही ना हे बघून एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत देतात, त्याने गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव कमी होतो. वार आल्यावर ती पूर्ण आहे का ते उलटसुलट करून पाहा, आणि बेंबीच्या खाली गर्भाशय हाताला चेंडूसारखं कडक लागतंय का ते बघत राहा. मऊ लागलं तर लगेच हाक मारा. किती रक्त गेलं याचा अंदाज नेहमी कमी धरला जातो. कापड, पॅड, ट्रे सगळं धरून बघा, ५०० मिलिच्या वर गेलं तर तो धोका आहे.

कळांनी ओरडणाऱ्या बाईवर कुणी ओरडताना, हात उचलताना तुम्हाला दिसेल. मी विद्यार्थिनी असताना पाहिलं आहे आणि तेव्हा गप्प राहिल्याचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्या दिवशी तुम्ही कुणाला थांबवू शकणार नाही. पण तिच्या डोक्याशी उभं राहून तिचा हात धरू शकता, पाणी पाजू शकता, "झालं हं ताई, आता थोडंच" म्हणू शकता. आणि नंतर तुमच्या इन्स्ट्रक्टरना जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगा.

इतर पोस्टिंग थोडक्यात

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला अनेक कॉलेजं ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवतात. जाताना घरचे काळजीत असतात, येताना बहुतेक मुली तिथल्या एखाद्या मावशींबद्दल किंवा काकांबद्दल बोलत येतात. पेशंटचा भ्रम खोडून काढायला जाऊ नका, त्याला होही म्हणू नका. "तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथे बसते" एवढं चालतं. स्वतःचा पत्ता, मोबाईल नंबर देऊ नका.

सामुदायिक पोस्टिंग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रात असते. आशाताईंबरोबर घरोघरी फिरा, त्यांना गावातलं प्रत्येक गरोदरपण तोंडपाठ असतं. घरात गेल्यावर बॅग थेट जमिनीवर ठेवायची नाही, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि काम सुरू करण्याआधी हात धुवायचे. चहा दिला तर घ्या. चहा होईपर्यंत चूल कुठे आहे, पाणी कशात भरलंय, संडास आहे का, सगळं आपोआप दिसतं.

पहिला मृत्यू

तो केव्हा ना केव्हा येतोच. तुम्ही सकाळी ज्यांचे केस विंचरले त्या आजी संध्याकाळी नसतात. पडदा ओढून, डोळे मिटवून, नळ्या काढून, अंग पुसून त्यांना नातेवाइकांच्या स्वाधीन करणं हीसुद्धा आपलीच सेवा आहे. ती सिस्टरबरोबर करा, बाहेर पळू नका. तेव्हाही त्यांच्याशी बोलत काम करणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत, "आजी, हात इकडे घेते हं." हॉस्टेलवर आल्यावर रडू आलं तर रडा, मैत्रिणीला सांगा. चार-पाच दिवसांनीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर इन्स्ट्रक्टरशी बोला.

परीक्षा, इंटर्नशिप, नोंदणी

थिअरीला अंतर्गत २५ आणि सेमिस्टरअखेरच्या लेखी परीक्षेचे ७५ गुण, पास व्हायला बहुतेक विषयांत ५० टक्के. ज्या दिवशी जो पेशंट पाहिला, त्याच रात्री त्याच्या आजाराचं प्रकरण अर्धा तास वाचा. खाट आठवली की उत्तर आठवतं. प्रॅक्टिकलमध्ये ओएससीई असते, प्रत्येक टेबलवर ठरलेल्या मिनिटांत एक काम करून दाखवायचं. तिथे हात धुतले नाहीत, पेशंटला आपलं नाव सांगितलं नाही, म्हणून गुण जातात.

इंटर्नशिपच्या २२ आठवड्यांत सगळ्या विभागांत पूर्ण ड्युटी करावी लागते, नाईटसकट. नाईटच्या आधी दुपारी झोपा, पहाटे तीन ते पाच या वेळात औषध भरताना मात्रा दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही. नोंदणी नर्स आणि मिडवाईफ अशी दोन्हींची होते. राज्य सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), एम्समध्ये नॉरसेट परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर, गावपातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी अशा वाटा पुढे आहेत.

परदेशी जायचा विचार आज नसला तरी सगळ्या लॉगबुका, पोस्टिंगचे रोटेशन प्लॅन आणि गुणपत्रिका जपून ठेवा. कुठल्या विषयात थिअरीचे किती तास आणि वॉर्डातले किती तास झाले हे बाहेरच्या देशांतल्या परिषदा विचारतात, आणि दहा वर्षांनी कॉलेजकडून ते काढून घेताना फार धावपळ होते. स्कॅन करून ठेवा, मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पावसाळ्यात ओल लागणार नाही.